दमलेल्या पेशी

१९३५च्या सुमाराला अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे, रॉकफेलर संस्थेच्या प्राणिरोग विभागात एरिक ट्राउब नावाचा जर्मन पशुवैद्य काम करत होता. संस्थेच्या पिंजऱ्यांत वाढणाऱ्या पांढऱ्या उंदरांमध्ये त्याला एक विषाणू सापडला. उंदरांच्या रक्तात विषाणू, लघवीत विषाणू, मेंदूतही विषाणू. आणि उंदीर धडधाकट. ते खात-पीत होते, त्यांना पिल्लं होत होती आणि ती पिल्लंही आईच्या पोटातूनच विषाणू घेऊन येत होती. हाच विषाणू कधीही लागण न झालेल्या मोठ्या उंदराच्या मेंदूत टोचला, की मात्र तो उंदीर आठवड्याभरात झटके येऊन मरत असे.

पुढे १९५०च्या दशकात या कोड्याला आणखी एक पीळ पडला. मेंदूत विषाणू टोचण्याच्या सुमाराला उंदराला क्ष-किरणांचा मोठा डोस देऊन त्याची प्रतिकारयंत्रणा खिळखिळी केली, तर तो मरेनासा झाला. विषाणू त्याच्या मेंदूत हवा तसा वाढत राहिला आणि उंदीर जगला. याचा अर्थ सरळ होता. विषाणू स्वतः पेशींना फारसा धक्का लावत नव्हता. मेंदूची नासधूस करत होत्या त्या विषाणूच्या मागावर तिथे पोचलेल्या उंदराच्याच पांढऱ्या पेशी.

विषाणूचं नाव लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस. ते एका दमात म्हणता येणं कठीण, म्हणून आपण त्याला एलसीएम म्हणू. माणसाला तो क्वचित होतो आणि बहुतेक वेळा निभावून जातो. लस काढावी, औषध शोधावं इतकं त्याचं महत्त्व नाही. तरीही गेल्या ९० वर्षांत प्रतिकारशास्त्रातले जितके मोठे शोध या एका उंदराच्या विषाणूवर लागले, तितके इतर कुठल्याही विषाणूवर लागले नसतील. ट्राउब स्वतः पुढे जर्मनीला परतला आणि नाझी राजवटीत रिम्स बेटावरच्या पशुरोग संस्थेत मोठ्या पदावर बसला. तो इतिहास वेगळा आहे आणि फारसा शोभणारा नाही.

पांढऱ्या पेशींना ‘शरीराचे सैनिक’ म्हणायची आपल्या पाठ्यपुस्तकांना सवय आहे. या प्रकरणापुरती ती उपमा विसरून जा. शत्रूला मारता येतं का, हा इथला प्रश्नच नाही. किती मारायचं आणि कधी थांबायचं, हा आहे.

या पांढऱ्या पेशींपैकी आपल्याला हव्यात त्या टी पेशी. त्या अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत घडतात. १९६०पर्यंत थायमसला काही काम असेल असं बहुतेक डॉक्टरांना वाटत नव्हतं. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ती पिल्लं खंगली, साध्यासुध्या संसर्गांनी मेली आणि परक्या उंदराच्या कातडीचं कलमही त्यांच्या अंगाने मुकाट स्वीकारलं. १९६८ मध्ये मेलबर्नमध्ये मिलर आणि ग्रॅहम मिचेल यांनी दाखवलं, की प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी अस्थिमज्जेतून येतात, थायमसमधून येणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, आणि पहिल्यांचं काम दुसऱ्यांच्या मदतीवाचून अडतं. बी पेशी आणि टी पेशी ही विभागणी इथून पक्की झाली.

प्रतिपिंडं रक्तात आणि अंगातल्या पाण्यात फिरतात. विषाणू पेशीबाहेर असेतो ती त्याला धरतात. तो पेशीत शिरला की त्यांचा हात तिथवर पोचत नाही. पेशीच्या आत लपलेला विषाणू किंवा क्षयाचा जंतू हुडकणं हे टी पेशींचं काम. आपल्यापैकी अनेकांनी हे काम स्वतःच्या हातावर पाहिलेलं आहे. क्षयाचा संशय आला की डॉक्टर माँटू टेस्ट करायला सांगतात. हाताच्या कातडीत सुई टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी परत बोलावून तिथला कडक फुगवटा पट्टीने मोजतात. लगेच का नाही मोजत? कारण क्षयाच्या जंतूची ओळख असलेल्या टी पेशींना तिथवर येऊन जमायला ४८ ते ७२ तास लागतात. अशा प्रकारची उशिरा उमटणारी प्रतिक्रिया रक्तातल्या द्रवाने दुसऱ्या प्राण्यात नेता येत नाही, पेशींनीच नेता येते, हे लँडस्टायनर आणि चेस यांनी १९४२मध्येच दाखवलं होतं. टी पेशी म्हणजे काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

टी पेशींचे ढोबळमानाने दोन गट. सीडी-४ पेशी इतरांना चेतवतात, मदत करतात. एचआयव्ही याच पेशींवर उठतो. सीडी-८ पेशी लागण झालेल्या पेशींना थेट मारतात. इथून पुढची गोष्ट मुख्यतः या दुसऱ्या गटाची आहे.

आता ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा. १९७३ साली तिथल्या जॉन कर्टिन संस्थेत स्वित्झर्लंडहून रोल्फ झिंकरनागेल नावाचे तरुण डॉक्टर आले. त्यांना जागा मिळाली पीटर डोहर्टी यांच्या प्रयोगशाळेत. डोहर्टी मूळचे ब्रिस्बेनचे, शिक्षणाने गुराढोरांचे डॉक्टर. मेंढ्यांच्या मेंदूज्वरावर काम करून आलेले. एलसीएमने उंदीर मरतो तो त्याच्या टी पेशींमुळे, तर त्या पेशी नेमकं काय करतात ते काचेच्या बशीत पाहावं, असं दोघांनी ठरवलं.

प्रयोग असा. उंदराला लागण करायची. सातव्या दिवशी त्याच्या प्लीहेतल्या टी पेशी काढायच्या. दुसरीकडे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये तोच विषाणू सोडायचा आणि त्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियम पाजून ठेवायचं. मग दोन्ही एकत्र. टी पेशीने समोरची पेशी फोडली की क्रोमियम बाहेर सांडतं, आणि किती सांडलं ते मोजलं की किती पेशी मेल्या ते कळतं.

अनेक वाणांचे उंदीर घेतले. सगळ्यांना मेंदूची सूज आली होती, तेव्हा सगळ्यांच्या टी पेशी बशीतल्या पेशी फोडतील, अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही. बशीतल्या पेशी ज्या वाणाच्या उंदरापासून आलेल्या होत्या, त्याच्याशी ऊतींच्या बाबतीत जुळणाऱ्या उंदरांच्याच टी पेशींनी त्या फोडल्या. बाकीच्या वाणांच्या टी पेशी तोच विषाणू समोर असूनही ढिम्म बसल्या. जुळणारा आणि न जुळणारा अशा दोन वाणांच्या संकराच्या टी पेशी मात्र मारत होत्या.

ऊती जुळणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कुणाचं मूत्रपिंड बदललंय त्यांना सांगायला नको. दात्याची आणि रुग्णाची ‘मॅचिंग’ तपासतात ती पेशींच्या पृष्ठभागावरच्या काही प्रथिनांची. माणसात त्यांना एचएलए म्हणतात. ही प्रथिनं न जुळणारा अवयव शरीर नाकारतं, हे आधीपासून माहीत होतं. पण निसर्ग काही कुणाची मूत्रपिंडं बदलत नाही. मग ही प्रथिनं जवळजवळ प्रत्येक पेशीवर आली कशाला? डोहर्टी आणि झिंकरनागेल यांच्या बशीत या प्रश्नाचं उत्तर होतं. टी पेशी नुसता विषाणू ओळखतच नाही. आपल्याच पेशीवरचं आपलं प्रथिन, आणि त्यात विषाणूमुळे झालेला बदल, हे दोन्ही मिळून ती ओळखते. १९७४च्या एप्रिलमध्ये ‘नेचर’मध्ये अवघ्या दोन पानांत हे छापून आलं. नोबेल मिळायला १९९६ उजाडलं.

तो ‘बदल’ नेमका काय, ते कळायलाही तेरा वर्षं लागली. १९८७ मध्ये हार्वर्डमध्ये पामेला ब्योर्कमन आणि सहकाऱ्यांनी या प्रथिनाचं स्फटिक बनवून त्याचा आकार काढला. त्याच्या माथ्यावर एक खाच होती आणि खाचेत काहीतरी अडकलेलं होतं. ते होते प्रथिनांचे छोटे तुकडे, सहसा आठ ते दहा अमिनो आम्लांचे. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे असे तुकडे सतत बाहेर आणून मांडत असते. आत विषाणूची प्रथिनं बनत असतील तर त्यांचेही तुकडे मांडले जातात. टी पेशी पेशीत डोकावत नाही. शितावरून भाताची परीक्षा करते. आणि परीक्षेत पेशी नापास झाली तर तिला भोक पाडते.

इथवरची गोष्ट ओळखण्याची. किती आणि कधीपर्यंत, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर धरून ठेवला ते रफी अहमद हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले, आधी आयडाहोत आणि मग हार्वर्डमध्ये शिकले आणि कॅलिफोर्नियात ला होया इथल्या स्क्रिप्स संस्थेत मायकेल ओल्डस्टोन यांच्याकडे आले. ओल्डस्टोन यांचा विषाणूही एलसीएमच.

ट्राउबच्या उंदरांसारखे, जन्मापासून लागण असलेले उंदीर तिथे होते. त्यांच्या निरनिराळ्या अवयवांतून अहमद यांनी विषाणू परत बाहेर काढले. मेंदूतून निघालेले विषाणू टोचलेल्या मूळ वाणासारखेच वागत. प्लीहेतून निघालेले मात्र बदललेले होते. त्यातल्या एकाला क्लोन-१३ असं रुक्ष नाव मिळालं. १९८४ मध्ये त्याच्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला.

मूळ वाण मोठ्या उंदराला टोचला (मेंदूत नाही, अंगात), तर सीडी-८ पेशी आठ-दहा दिवसांत त्याचा निकाल लावतात आणि उंदीर बरा होतो. क्लोन-१३ शिरेतून दिला तर तो रक्तात दोन-तीन महिने राहतो आणि मूत्रपिंडासारख्या जागी त्याहून जास्त. दोन विषाणूंच्या प्रथिनांत फरक म्हणाल तर मोजक्याच अमिनो आम्लांचा. त्यातल्या एकामुळे क्लोन-१३ पेशीवरच्या कुलपात अधिक घट्ट बसतो आणि टी पेशींना बातमी देणाऱ्या डेंड्रायटिक पेशींतच शिरतो. दुसऱ्यामुळे तो वेगाने वाढतो.

या जोडीचं मोल लगेच लक्षात येत नाही. माणसांत फ्लू येऊन जातो आणि हेपॅटायटिस बी वर्षानुवर्षं राहू शकतो. पण दोन्ही इतके निराळे विषाणू आहेत की प्रतिकारात फरक कशामुळे पडला ते वेगळं काढता येत नाही. इथे प्राणी तोच, विषाणू जवळजवळ तोच, टी पेशी त्याचे जे तुकडे ओळखतात तेही तेच. एक आजार आठवड्यात संपतो, दुसरा रेंगाळतो. दोन्हींत टी पेशींचं काय होतं ते शेजारी शेजारी ठेवून पाहायची सोय झाली. माझ्या मते अहमद यांचं सर्वांत मोठं काम हेच. पुढचे शोध गाजले, पण ते सगळे या दोन विषाणूंच्या दोन नळ्यांतून निघाले.

नव्वदच्या दशकापर्यंत एक अडचण होती. विशिष्ट विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी रक्तात किंवा प्लीहेत किती, हे कुणालाच नीट मोजता येत नव्हतं. १९९६मध्ये जॉन आल्टमन, मार्क डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी तोडगा काढला. ते खाचेचं प्रथिन प्रयोगशाळेत बनवायचं, खाचेत विषाणूचा हवा तो तुकडा बसवायचा, अशी चार प्रथिनं एकत्र जोडायची आणि त्यांना चमकणारा रंग लावायचा. ही चौकडी ज्या टी पेशीला चिकटेल ती आपली. आल्टमन यानंतर अटलांटातल्या एमरी विद्यापीठात गेले. अहमद १९९५पासून तिथेच लस केंद्र चालवत होते.

चौकडी हातात आल्यावर काजा मुरली-कृष्ण, अहमद आणि सहकाऱ्यांनी एलसीएमच्या उंदरांत मोजणी केली. १९९८मध्ये आलेले आकडे पाहून क्षेत्रातल्या लोकांनी भुवया उंचावल्या. तोवर समज असा होता, की विषाणूची लागण झाल्यावर ज्या असंख्य सीडी-८ पेशी चेतून उठतात त्यातल्या थोड्याच कामाच्या असतात. बाकीच्या नुसत्याच गोंधळाने जाग्या झालेल्या. मोजणीत निघालं की ऐन भरात चेतलेल्या सीडी-८ पेशींपैकी ५० ते ७० टक्के नेमक्या एलसीएमलाच ओळखणाऱ्या असतात.

आणि सुरुवात किती थोड्या पेशींपासून! विषाणूचा एखादा तुकडा ओळखणाऱ्या, कधीही न वापरलेल्या सीडी-८ पेशी उंदराच्या प्लीहेत १०० ते २००च्या आसपास असतात. आठव्या दिवशी त्यांची संततीच एक कोटीच्या घरात जाते. हिशेब करून पाहा: सोळा वेळा दुप्पट, म्हणजे साधारण दर बारा तासांनी एक विभाजन. शरीरातल्या फार थोड्या पेशी इतक्या वेगाने वाढतात. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ते याच उद्योगाचं बाहेरून हाताला लागणारं लक्षण. लसिका ग्रंथीत पेशी अडवल्या जात असतात, वाढत असतात.

विषाणू संपला की या कोटीभर पेशींचं काय करायचं? त्यांच्या हातात पेशी फोडायची हत्यारं आहेत आणि काम उरलेलं नाही. अशा पेशी सांभाळणं शरीराला परवडणारं नाही, तेव्हा पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्यातल्या ९० ते ९५ टक्के स्वतःच मरून जातात. उरलेल्या पाच-दहा टक्के ही आपली आठवण. सुरुवातीच्या दीडशेच्या जागी आता लाखो, आणि पुन्हा तोच विषाणू आला तर तासांत कामाला लागणाऱ्या.

ही आठवण किती टिकते, याचं जुनं उदाहरण डेन्मार्कच्या फेरो बेटांवरचं आहे. १८४६मध्ये तिथे गोवराची साथ आली तेव्हा पीटर पॅनम हा विशी-पंचविशीतला डॉक्टर तिथे पाठवला गेला. बेटांवरच्या सुमारे ७८०० लोकांपैकी ६००० जणांना गोवर झाला. पण १७८१च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो दुसऱ्यांदा झाला नाही. मधल्या ६५ वर्षांत बेटांवर गोवर नव्हता. या म्हाताऱ्यांच्या बचावात प्रतिपिंडांचाही मोठा वाटा असणार, सगळं श्रेय टी पेशींना देता येणार नाही. पण पॅनमच्या नोंदीतला प्रश्न टी पेशींनाही लागू आहे: विषाणू समोर नसताना आठवण टिकते कशी? अहमद यांच्या प्रयोगशाळेने स्मृती-टी पेशी अशा उंदरांत सोडल्या, ज्यांच्या पेशींवर ते खाचेचं प्रथिनच नव्हतं; म्हणजे विषाणूचा तुकडा त्यांना कुणी दाखवणं शक्यच नव्हतं. पेशी तरीही टिकल्या.

माणसातला पुरावा मिळाला तो पीतज्वराच्या लशीतून. ही लस जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. मॅक्स थायलर यांनी १९३०च्या दशकात ती बनवली आणि १९५१चं नोबेल मिळवलं. आफ्रिकेत नोकरीला किंवा जंगल सफारीला जाणाऱ्या आपल्याकडच्या माणसांना ती घेऊन पिवळं कार्ड काढावं लागतं. पूर्वी ते कार्ड दहा वर्षं चाले, २०१६पासून ते जन्मभर चालतं. संशोधकांना ही लस आवडण्याचं कारण असं, की ज्यांना पीतज्वर कधी झालेला नाही अशा माणसाच्या अंगात एक खरा, पण सौम्य संसर्ग ठरलेल्या दिवशी सुरू करता येतो. रमा अकोंडी, अहमद आणि सहकाऱ्यांनी लस घेणाऱ्या स्वयंसेवकांना पहिले दोन आठवडे जड पाणी प्यायला दिलं. त्या दिवसांत जन्मलेल्या पेशींच्या डीएनएत जड हायड्रोजनची खूण राहते, आणि पेशी पुन्हा विभागली की खूण निम्मी होते. वर्ष-दोन वर्षांनी स्वयंसेवकांच्या रक्तातल्या स्मृती-पेशींत ती खूण जवळपास तशीच होती. म्हणजे या पेशी लढाईच्या पहिल्या पंधरवड्यातच जन्मलेल्या आणि त्यानंतर वर्षातून एकदाही धड विभागल्या नव्हत्या. त्या वरकरणी निवांत झाल्या होत्या, पण हत्यारांची जनुकं त्यांनी कुलूपबंद केलेली नव्हती. २०१७मध्ये हा निबंध आला. २००३मध्ये सार्स झालेल्या सिंगापूरमधल्या माणसांत १७ वर्षांनी त्या विषाणूच्या टी पेशी सापडल्या, हे कोविडच्या काळात वाचून ज्यांना आश्चर्य वाटलं, त्यांना आता वाटू नये.

हे झालं आठवड्यात संपणाऱ्या आजाराचं. दुसऱ्या नळीतल्या, क्लोन-१३च्या उंदरांत काय होत होतं?

१९९३मध्ये झिंकरनागेल यांच्या गटाने दाखवलं, की विषाणूचा मारा फार मोठा असेल तर त्याच्यावर उठलेल्या टी पेशी नाहीशा होतात. पण १९९८मध्ये अॅलन झॅजॅक, अहमद आणि सहकाऱ्यांनी चौकडीने मोजलं तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. काही पेशी नाहीशा होतात हे खरं, पण बऱ्याच जिवंत असतात. विषाणूला ओळखत असतात, चेतलेल्याही असतात, आणि काही करत नसतात. पुढच्या कामात हे दमणं टप्प्याटप्प्याने होतं असं दिसलं. आधी भराभर वाढण्याची ताकद जाते, मग एकेक रासायनिक संदेश बंद पडतो, शेवटी इंटरफेरॉन नावाचा संदेशसुद्धा. एचआयव्ही आणि हेपॅटायटिसच्या रुग्णांतही अशाच पेशी सापडल्या.

त्या का दमल्या, हे शोधताना अहमद यांच्या गटाने चांगल्या आणि दमलेल्या पेशींत कोणती जनुकं चालू आहेत याची तुलना केली. दमलेल्या पेशींवर पीडी-१ नावाचं प्रथिन भरगच्च होतं. हे प्रथिन १९९२मध्ये क्योटोत तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडलेलं. ते नसलेल्या उंदरांची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते, म्हणजे ते ब्रेकचं काम करतं, हेही होंजो यांनी दाखवलेलं होतं. विषाणूच्या दीर्घ आजारात टी पेशींवरचा तो ब्रेक दाबलेलाच राहतो. मग ब्रेक सोडवला तर? अहमद आणि हार्वर्डमधले गॉर्डन फ्रीमन, आर्लीन शार्प यांनी क्लोन-१३च्या उंदरांना ब्रेक दाबणाऱ्या जोडीदार प्रथिनाला अडवणारं प्रतिपिंड दिलं. दमलेल्या पेशी पुन्हा वाढल्या, कामाला लागल्या आणि विषाणू घटला. डॅनियल बार्बर पहिले लेखक असलेला हा निबंध २००६मध्ये ‘नेचर’मध्ये आला.

त्याच निबंधात एक प्रयोग आहे, ज्याचा उल्लेख सहसा कुणी करत नाही. ज्या उंदरांत ते जोडीदार प्रथिन जन्मापासूनच नव्हतं, म्हणजे ज्यांच्यात ब्रेक कधी लागूच शकत नव्हता, त्यांना क्लोन-१३ टोचला. मूळ वाण दिलेले असे उंदीर बरे झाले. क्लोन-१३ दिलेले थोड्याच दिवसांत मेले. विषाणू सगळ्या अंगभर पसरलेला, टी पेशी सगळीकडे पोचलेल्या आणि थांबायला कुणी सांगत नाही. त्यांनी उंदरालाच उद्ध्वस्त केलं. ट्राउबच्या पिंजऱ्यातलं कोडं ७० वर्षांनी इथे सुटतं. दमणं हा बिघाड आहे असं पाठ्यपुस्तकं अजून लिहितात. मला ते पटत नाही. विषाणू काढून टाकता येत नाही आणि लढत राहिलं तर घरच जळेल, अशा वेळी शरीराने पत्करलेला तो व्यवहारी समझोता आहे. त्याची किंमत मोजावी लागते, पण तो नसता तर दीर्घ आजाराचा रुग्ण दिसलाच नसता.

समझोत्यातही शरीर थोडं राखून ठेवतं. २०१६मध्ये अहमद यांच्यासह अनेक गटांनी दाखवलं, की क्लोन-१३च्या उंदरांतल्या सगळ्याच टी पेशी दमत नाहीत. प्लीहा आणि लसिका ग्रंथींच्या आतल्या भागात, विषाणूच्या धुमश्चक्रीपासून जरा लांब, मूळपेशींसारखा एक छोटा गट राहतो. तो संथपणे स्वतःची संख्या राखतो आणि नव्या पेशी पुरवत राहतो. पीडी-१चा ब्रेक सोडवल्यावर जी नवी लाट उठते ती या गटातून. पुरत्या दमलेल्या पेशी परत तरुण होत नाहीत.

कर्करोगाच्या गाठीतही टी पेशी याच तऱ्हेने दमलेल्या असतात. गाठ महिनोन्‌महिने समोर असते, तिच्या पेशी तेच जोडीदार प्रथिन पुढे करतात आणि ब्रेक दाबला जातो. पीडी-१ला अडवणारी औषधं २०१४पासून बाजारात आली आणि होंजो यांना जेम्स अॅलिसन यांच्याबरोबर २०१८चं नोबेल मिळालं. काही रुग्णांत पसरलेला कर्करोग वर्षानुवर्षं दबून राहिला; पुष्कळांत काहीच उपयोग झाला नाही. आणि ज्यांच्यात ब्रेक सुटला त्यातल्या काहींच्या टी पेशी आतडी, थायरॉइड, फुप्फुसं यांच्यावर उलटल्या. एलसीएमचे उंदीर ज्यांनी पाहिले होते त्यांना यात नवल वाटायचं कारण नव्हतं.

यातलं निव्होलुमॅब हे औषध नेहमी दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात. आपल्याकडे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण तंबाखूमुळे अमाप, आणि त्यातल्या फार थोड्यांना त्या मात्रेचा खर्च झेपतो. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एक जुनी नोंद लक्षात घेतली: हे औषध कमी दिलं तरी टी पेशींवरचे पीडी-१ रेणू जवळपास तितकेच झाकले जातात. त्यांनी डोक्या-मानेच्या बऱ्या न होणाऱ्या कर्करोगाचे १५१ रुग्ण घेतले. सगळ्यांना तोंडाने घ्यायची स्वस्त औषधं दिली आणि चिठ्ठी टाकावी तसं निवडून निम्म्यांना त्याबरोबर दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिलं. २०२२च्या अखेरीस निकाल प्रसिद्ध झाला. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण जिवंत होते. २० मिलिग्रॅम मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के.